तारीख कशाला हवी?

मंडळी, जगाच्या अंताची तारीख सांगणारे व्हिडिओ हल्ली आमच्या मडगावच्या ग्रुपवर फार येतात. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती. दिवस आला नि गेला. मत्तयाच्या शुभवर्तमानात, २४व्या अध्यायात, तो दिवस पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही असं येशूच सांगतो. आणि २५व्यात न्यायाच्या वेळी विचारणा कसली? भुकेल्याला जेवू घातलं का, परक्याला घरात घेतलं का, आजाऱ्याला भेटलात का! बँकेत इन्स्पेक्शनची तारीख आधी फुटली की वह्या रातोरात चकाचक व्हायच्या. इथे तारीख गुप्त, तपासायच्या बाबी मात्र जाहीर. मी हिंदू, पण मला हे पटतं. आमच्या वाड्यावरची एकटी म्हातारी दोन महिने अंथरुणाला खिळून आहे. व्हिडिओवाल्यांपैकी कितीजण तिच्याकडे जाऊन आले?