पोराच्या हाती गाडी द्यायची, पण कुठे?



या पानावर मी एरवी लागण, खोडवा, बेणेबदल आणि हुमणी यांवर लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, पण आपल्या बांधापासून लांबचा नाही.

हंगामात गटात फिरताना एक दृश्य हमखास दिसते. उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे ट्रॅक्टर, त्यावर मोठ्याने गाणी चाललेली आणि सीटवर मिसरूडही न फुटलेले पोरगे. बापाला विचारावे तर तो कौतुकाने सांगतो, "साहेब, बारा वर्षांचा असल्यापासून चालवतोय!" मीही अशा वेळी हसून मोटारसायकल पुढे काढली आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा. माझे डोळे उघडले ते घरचेच प्रकरण समोर आले तेव्हा.

माझी थोरली बहीण भिवंडीस दिलेली आहे. दाजींचा एक टेम्पो आहे, गोदामांचा माल नेण्या-आणण्याचा. भिवंडी एके काळी यंत्रमागांसाठीच ओळखली जाई. माग आजही आहेत, पण माणकोली, दापोडे, काल्हेर, वळ या बाजूला आता गोदामांचीच गावे झाली आहेत. मुंबई-नाशिक रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनरची रांग. अशा ठिकाणी माझा सोळा वर्षांचा भाचा रविवारी पहाटे बापाच्या नकळत टेम्पो काढून गोदामांच्या गल्ल्यांतून फिरवीत होता. बहिणीला कळले तेव्हा तिने मला बोलावून घेतले. म्हणाली, "मारून झालं, किल्ली लपवून झाली. याला चालवायचंच आहे. मग नीट कुठं शिकवतील ते तरी शोध."

आम्ही तीन दिवस शोधले. पहिल्या ड्रायव्हिंग स्कूलने सरळ सांगितले, अठरा पूर्ण झाल्यावर या. तेच बरोबर होते. दुसऱ्याने वय विचारले आणि म्हणाला, "थोडे जादा द्या, पहाटे शिकवू, कोण बघतंय?" तिथून आम्ही उठलो. मुंबईत पैसे भरून छोट्या कार्ट पळवायची मैदाने आहेत. तिथे दहा मिनिटे मजा झाली, शिकवले कोणी नाही. पुण्यात भोसरीला चालक प्रशिक्षणाची संस्था आहे, आठच्या आकड्याचा आणि चढाचा ट्रॅक आहे. पण तिथे परीक्षेला उभे राहायचे तर शिकाऊ परवाना लागतो, आणि मोटारीचा तो परवाना अठरा वर्षांखाली मिळत नाही.

शर्यतीची वाट मात्र लहान वयातच सुरू होते. आपल्या कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. मुंबईचा जेहान दारूवाला तेराव्या वर्षी, २०११ साली, कार्टमध्ये बसला आणि २०२० साली बहारीनमध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला. पण ती वाट खर्चाची आणि थोड्यांची. आमच्या पोराला शर्यत जिंकायची नव्हती, गाडी चालवायची होती. म्हणजे हौस चौदाव्या वर्षी लागते, परवाना अठराव्या वर्षी मिळतो, आणि मधली चार वर्षे पोरगे चोरूनच शिकते.

कायदा काय सांगतो तेही पाहा. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवली आणि गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे (कलम १९९ अ) पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. ट्रॅक्टर यातून सुटलेला नाही. शिवाय विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पुढे त्या मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. आपण ती बातमी 'बड्या घरची पोरं' म्हणून वाचली. पण अंधारात बिनपरवान्याचा आपला ट्रॅक्टर कुणाच्या मोटारसायकलवर गेला, तर आपले घर काही वेगळे ठरणार नाही.

आता याच कायद्यातली दुसरी बाजू. वयाची ही अट 'सार्वजनिक ठिकाणी' गाडी चालवण्याला आहे, म्हणजे जिथे लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे तिथे. फाटक लावलेले, लोकांना मज्जाव असलेले खासगी आवार त्यात मोडत नाही. आम्ही तोच मार्ग धरला. दाजींच्या ओळखीच्या एका गोदामवाल्याने रविवारी कुलूपबंद आवार वापरायला दिले. शेजारचे एस.टी.चे निवृत्त चालक शिकवायला तयार झाले. पाच रविवार शिकवणी झाली.

त्या गृहस्थांनी पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू दिली नाही. पोराला टेम्पोत बसवले, चारी बाजूंनी रिकामी पिंपे ठेवली आणि विचारले, "किती दिसतात?" सातांपैकी तीन दिसत नव्हती. दुसऱ्या रविवारी फक्त ब्रेक. ताशी २० ला गाडी कुठे थांबते आणि ४० ला कुठे, ते खडूने आखून दाखवले. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे पुस्तकात होतेच. पोराने ते स्वतः पावलांनी मोजले. तिसऱ्या रविवारी मागे घेताना त्याने एक पिंप चेपले. गुरुजी एवढेच म्हणाले, "हे पिंप होतं म्हणून बरं." पोरगे दुपारी जेवताना बोलले नाही. पहाटेच्या फेऱ्या त्यानंतर बंद झाल्या, असे बहीण सांगते.

हे पाहून मला आपली रोपवाटिका आठवली. एक डोळ्याचे बेणे आपण थेट सरीत टाकून देवावर हवाला ठेवत नाही. ट्रेमध्ये रोप करतो, महिनाभर शेडनेटखाली सांभाळतो, मग रानात लावतो. उसाच्या कांडीला जी काळजी, ती पोराला नको?

म्हणून माझे स्पष्ट मत मांडतो. आपल्या कारखान्याचा गाडीतळ हंगाम संपला की मोकळा पडतो. एप्रिल-मे महिन्यांत शाळा-कॉलेजला सुट्टी असते. फाटक आहे, वॉचमन आहे, वजनकाटा आहे, जुनी पिंपे आहेत, शेतकी खात्याचा ट्रॅक्टर आहे. त्याच जागी चौदा ते अठरा वयाच्या सभासदांच्या मुलांसाठी, आणि मुलींसाठीही, पंधरा दिवसांचा वर्ग काढावा. मागे ट्रॉली जोडून उलटे कसे घ्यावे, उताराला ट्रॉली ट्रॅक्टरला कशी ढकलते, ब्रेक पुढे आणि ओझे मागे म्हणजे काय होते, हे तिथे शिकवावे. रिकामी ट्रॉली आणि भरलेली ट्रॉली थांबायला किती अंतर घेते, ते मुलांनी टेपने मोजावे. मागचे लाल परावर्तक रात्री किती लांबून दिसतात आणि चिखल बसल्यावर किती, तेही दाखवावे.

यावर काही सभासद म्हणतील, "साहेब, तुम्हीच पोरांना चढवताय." ही शंका खोटी नाही. नॉर्वेमध्ये तरुणांना निसरड्या रस्त्यावर गाडी सांभाळण्याचे खास शिक्षण दिले, तेव्हा तरुण मुलांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचे ऐंशीच्या दशकात आढळले. आपल्याला सगळे जमते अशी घमेंड झाली. तेव्हा आपल्या वर्गात वेगाचे कसब शिकवायचे नाही. आपल्याला काय दिसत नाही आणि गाडी कुठे थांबत नाही, हेच शिकवायचे. आणि वर्ग केला म्हणून रस्त्यावर जायची मुभा नाही, हे बापाने लिहून द्यायचे. पुन्हा ते पोर अठराच्या आत वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर दिसले, तर त्या वाहनाची खेप थांबवायची.

दुसरी शंका जबाबदारीची. गाडीतळ पूर्ण बंद ठेवणे, विमा, शिक्षकाची पात्रता या गोष्टी आधी परिवहन कार्यालयाकडून लेखी विचारून घ्याव्यात. पुढे-मागे मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राचाही विचार करता येईल. २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा केंद्रात हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा, चार आठवड्यांत पुरा करायचा असतो, आणि तिथे उत्तीर्ण झालेल्यास परिवहन कार्यालयाच्या चाचणीतून सूट मिळते. पण ते नंतरचे. सुरुवात एका ट्रॅक्टरवर आणि एका जुन्या, जबाबदार चालकावर होऊ शकते. असे निवृत्त चालक आपल्या गावागावांत आहेत.

खर्च डिझेलचा आणि मानधनाचा. एका ट्रॉलीच्या अपघातात जे जाते त्यापुढे तो काहीच नाही.

हे मत माझे वैयक्तिक आहे, कारखान्याचे धोरण नव्हे. संचालक मंडळाने विचार करावा आणि येत्या वार्षिक सभेत सभासदांनी विषय काढावा, एवढी विनंती. ज्यांना आपली मुले पाठवायची असतील त्यांनी गट ऑफिसात नाव व वय कळवावे, म्हणजे किती मुले आहेत याचा अंदाज येईल. आणि तोवर एक काम आजच करा. ट्रॅक्टरची किल्ली दारामागच्या खिळ्याला टांगलेली असेल, तर ती काढून स्वतःच्या खिशात ठेवा.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी