कार्ड नंतर, आधी एसएमपीएस आणि पक्कं बिल!



परीक्षा संपल्या किंवा दिवाळीची सुट्टी लागली की मला हमखास एक प्रश्न येतो, "दादा, घरी जुना डेस्कटॉप पडून आहे. गेम खेळायला कोणतं ग्राफिक्स कार्ड टाकू?" त्याच्या मागोमाग वडील विचारतात, "हे लेकरू वाया तर नाही ना चाललं?" दोन्ही प्रश्न पैशाचे आणि पोरांचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वडिलांना. सगळे गेम एका मापात मोजू नका. मोबाईलवर पैसे लावून खेळायचे जे गेम आहेत, त्यावर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली. म्हणजे जुगार वेगळा आणि खेळ वेगळा, हे आता कायद्यानेही मान्य केलंय. अभ्यासाची वेळ तुम्ही ठरवा, तो तुमचा हक्कच आहे. पण जे पोरगं हप्त्यावर लाखाचा लॅपटॉप न मागता जुन्याच डब्यात काय बसतं ते बघतंय, त्याला मी तरी वाया गेलेला म्हणणार नाही.

आता पोरांनो, तुम्हाला. तुम्ही व्हिडिओ बघून कार्ड ठरवता आणि तिथेच फसता. आधी डबा उघडा आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात '४५०' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. समजा १४ लिहिलेत. १२ गुणिले १४, झाले १६८ वॅट. कार्डाला आणि प्रोसेसरला मिळून खरं बळ एवढंच. त्यात चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह ८४ वॅटचा धरा. वर आरएक्स ५८० सारखं १८५ वॅटचं कार्ड टाकलं तर बेरीज २६९ होते. गेम सुरू झाला की पीसी बंद पडणार, नाहीतर एसएमपीएस जळणार, आणि जाताना मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो.

म्हणून जुन्या पीसीला जीटीएक्स १६५० बरं. ७५ वॅटमध्ये चालतं आणि मदरबोर्डचा स्लॉट तेवढं देतो. फक्त वेगळी वायर न लागणारं मॉडेल बघून घ्या. तरीही एसएमपीएस लोकल असेल तर आधी तोच चांगल्या कंपनीचा घ्या. जीटीएक्स ७५० टीआय आणि १०५० टीआयसुद्धा कमी विजेवर चालतात, पण नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर कंपनीने त्यांना ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलेत. ऑफिसमधून निघालेला छोट्या डब्याचा पीसी असेल तर बुटकं कार्डच बसतं, एसएमपीएसही बाजारातला साधा बसेलच असं नाही. माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ४ जीबी रॅम असेल तर आधी रॅम वाढवा, हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका. व्हॅलोरंटसारखा गेम तर साध्या कार्डावरही चालतो.

आपल्याकडची लाईट कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. कधी डिम, कधी एकदम जास्त, आणि डीपी जळाली तर विचारूच नका. त्यामुळे अर्थिंग आणि यूपीएस हा खर्च कार्डाच्या हिशेबातच धरा. तो हौसेचा नाही, गरजेचा आहे.

आता मूळ मुद्दा, बिल. केजमधून पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन, नाहीतर ऑनलाईन ओळखीवर पोरं कार्ड मागवतात. "बिल नको, १८ टक्के वाचतील" म्हणतात. दहा हजारांच्या कार्डावर १,८०० वाचले खरे. पण महिन्यात कार्ड मेलं तर दहा हजार गेले आणि दाद कुठे मागणार? १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवस-रात्र राबवलेली कार्डं ढिगाने जुन्या बाजारात आली. पुसून, पॅक करून 'नवीनच आहे' म्हणून दिलं तर बाहेरून ओळखणं अवघड. हाती बिल नसेल तर आपण तोंडी शब्दावर उभे असतो.

कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त आपल्याला माहीत नसतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकान पुण्यात असलं तरी तक्रार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. दोन वर्षांच्या आत करायची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाईनवर फोन करून बघा. पण अनोळखी माणसाकडून जुनं कार्ड घेतलं असेल तर हा आधार जवळपास नसतोच, हे ध्यानात ठेवा.

आपल्या गावातल्या दुकानदारांनाही विनंती आहे. कार्ड वापरलेलं असेल तर बिलावर 'वापरलेलं' असं लिहा, वॉरंटी किती महिने ते लिहा, सिरियल नंबर टाका. भाव दोन पैसे जास्त असला तरी चालेल. असं बिल केजमध्येच मिळत असेल तर एसटीचं भाडं भरून पुण्याला कोण जाईल?

शेवटी एक. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एवढ्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून जुन्या पीसीत फार पैसा ओतू नका. पण चांगला एसएमपीएस, एसएसडी आणि कार्ड उद्या नव्या पीसीतही लावता येतं. सोबत बिल असेल तर वॉरंटीही टिकते.

बापाचा पैसा उसाच्या नाहीतर सोयाबीनच्या पट्टीतून येतो. पट्टीवरचं वजन आपण दोनदा तपासतो ना? मग कार्डाचं बिलही तसंच तपासा.

पटलं तर आपल्या गावातल्या ग्रुपवर पाठवा.