जन्मस्थळ : मध्य प्रदेश

आमच्या सकाळच्या चहाच्या बैठकीतील सेवानिवृत्त नायब तहसीलदार, ज्यांच्या संतापाचा परिचय या सदराच्या वाचकांना पूर्वीच झालेला आहे, ते गेल्या आठवड्यात एकाच चहात दोनदा संतापले. पहिला कोप अमेरिकेच्या अध्यक्षांवर होता : एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये लादलेल्या एक लाख डॉलरच्या शुल्कामुळे त्यांच्या भाच्याचे प्रयाण लांबणीवर पडले असून, कष्ट करू इच्छिणाऱ्या माणसाला कागदापायी तिष्ठत ठेवणे हा शुद्ध जुलूम होय, असा निवाडा त्यांनी दिला. दुसरा कोप, बशीतला चहा संपण्यापूर्वीच, कापूसवेचणीसाठी मध्य प्रदेशातून आमच्या शिवारांत उतरलेल्या मजुरांवर झाला. हे कोण, कुठले, यांचे दाखले कोणी तपासले, आणि वेचणीचा भाव वाढवून मागण्याचा यांना अधिकार काय? भाचा आणि वेचणारी बाई यांत अंतर कोणते, असे आम्ही विचारले, तेव्हा "भाचा शिकलेला आहे," एवढेच उत्तर मिळाले.

या गृहस्थांचा जन्म १९५३ चा आणि यवतमाळचाच. आता, ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आमचा हा जिल्हा मध्य प्रदेशातच होता, नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती, आणि दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचनेने तो मुंबई राज्यात दाखल झाला. तेव्हा ज्यांच्या दाखल्यांची झडती ते मागत होते त्यांच्याच राज्यात त्यांचे बारसे झाले होते, ही गोष्ट आम्ही अत्यंत विनयाने त्यांच्या निदर्शनास आणली. त्यांनी चहाचे पैसे न देता प्रस्थान ठेवले.

हद्दींचे हे असेच असते. आमच्या जिल्ह्यातील उमरखेडच्या माणसाला पैनगंगेपलीकडे एके काळी निजामाचा अंमल, जुन्या मंडळींच्या तोंडी मोगलाई, लागत असे. आज तीच नदी तेथे केवळ जिल्ह्याची हद्द आहे आणि पाटणबोरीकडे मात्र राज्याची.

मजुरांविषयीच्या कायद्याची सारी दृष्टी मात्र राज्याच्या या रेघेवर खिळलेली. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला परवाना, मजुराला छायाचित्रासह पासबुक, प्रवासभाडे आणि विस्थापन भत्ता असे सगळे फर्मावले, पण राज्याची सीमा ओलांडणाऱ्यापुरते. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार संहितेनेही ती अट पुसली नाही. म्हणजे पाटणबोरीहून नदीपलीकडे तेलंगणातील आदिलाबादेस नेलेला मजूर स्थलांतरित, आणि दिवाळीच्या सुमारास पुसद-महागावच्या तांड्यांवरून मुकादमाची उचल घेऊन, लेकरे-भांडी ट्रकात घालून, शेकडो मैलांवरच्या कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीला जाणारा कोयता, अर्थात नवरा-बायकोची जोडी, कायद्याच्या लेखी स्थलांतरितच नव्हे! उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि हंगाम सरल्यावर ती वही काय सांगेल हे मुकादमाखेरीज कोणास ठाऊक नसते.

नोंद मुकादमाची व्हावी, उचलीचा करार तांड्यावरच लेखी व्हावा, मग वाटेत राज्य बदलो वा न बदलो, एवढे सरकारने करावयास हरकत नाही. आणि ज्या वाचकांच्या शेतात आज वेचणारे उतरले असतील त्यांनी कापसाचे वजन त्यांच्यासमोर करावे, आणि हिशेबाची चिठ्ठी रोजच्या रोज त्यांच्या हाती द्यावी.