शत्रूने ठेवलेलं नाव

राजकीय खुनावरची चर्चा आणि ‘असॅसिन’ (मारेकरी) या इंग्रजी शब्दाची जन्मकथा, या आठवड्यात पुन्हा दोन्ही एकत्र ऐकली. डोंगरातला म्हातारा, हशीश पाजलेले तरुण, स्वर्गासारखी बाग, मग हाती खंजीर. व्युत्पत्ती म्हणून खपवल्या जाणाऱ्या गोष्टींवर मी इथे किती वेळा चिडून लिहिलंय, ते नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. ही गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते, कारण ती एका अख्ख्या पंथाला चिकटली आहे.

शब्दाचं मूळ अरबी ‘हशीशी’त आहे, हे फ्रेंच प्राच्यविद्यापंडित सिल्वेस्त्र द सासी यांनी १८०९ मध्येच पॅरिसला मांडलं. ते मला मान्य आहे. पण बाराव्या शतकात कैरोच्या फातिमी दरबाराने सीरियातल्या निझारी इस्माइली या शिया पंथीयांना हा शब्द लावला तो तुच्छतेने. आपण रागाच्या भरात कुणाला गांजेकस म्हणतो, तेव्हा त्याची चिलीम तपासलेली नसते.

या निझारींतले मारेकरी स्वतःला म्हणवत फिदाई, जीव ओवाळून टाकणारे. आता ही दोन्ही नावं त्यांच्या कृत्यांशेजारी ठेवा. १०९२ मध्ये सेल्जुक वजीर निझाम-उल-मुल्कला सूफीच्या वेशातल्या माणसाने भोसकलं. ११९२ मध्ये टायर शहरात क्रूसेडर सरदार कॉनराडला मारणारे दोघे ख्रिस्ती साधूंच्या वेशात वावरून आधी विश्वासातले झाले होते. इतका संयम नशेतल्या माणसाला जमेल? इराणातल्या अलमूत किल्ल्यावरचा निझारींचा नेता हसन सब्बाह तर असा कडवा, की मद्यपानाच्या आरोपावरून त्याने पोटच्या मुलाला देहदंड दिला. खून ते खूनच. त्यांचं समर्थन मी करत नाही. पण त्यामागे श्रद्धा होती, आणि श्रद्धेपायी माणूस थंड डोक्याने मारतो हे मानणं जड जातं, म्हणून हशीश हवीशी वाटते. बागेची कथा पसरवणारा मार्को पोलो तर १२५६ मध्ये मंगोलांनी अलमूत घेतल्यानंतर कित्येक वर्षांनी इराणातून गेला.

मुंबईकरांनी तरी हे दंतकथेवर सोडू नये. निझारींचे इमाम आगाखान यांच्या १८६६ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर्नोल्ड यांना या पंथाचा इतिहास तपासावा लागला. पुढे १९४६ मध्ये इथेच इस्माइली सोसायटी निघाली आणि व्लादिमीर इवानोव यांनी इस्माइलींचे स्वतःचे ग्रंथ संपादून छापले. फिदाईंना हशीश दिल्याचा उल्लेख आजवर हाती आलेल्या एकाही इस्माइली ग्रंथात नाही.