लेसरआधीची तपासणी



गेल्या अंकातील लेखात चष्मा घालवणारी लेसर शस्त्रक्रिया ‘दहा मिनिटांचे काम’ ठरवली आहे. शस्त्रक्रिया झटपट आटोपते हे खरे, पण निर्णय आधीच्या तपासणीवर ठरतो आणि तिच्याविषयी लेखात एक ओळही नाही.

लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेत कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, थर लेसरने कमी करून त्याला नवा आकार देतात. कॉर्नियाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि गेलेला थर परत येत नाही. म्हणून जाडी मोजणे आणि टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, करणे अत्यावश्यक. केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणे, सुरुवातीला जाणवतही नाही. तो असताना लॅसिक केले तर नजर आणखी बिघडते. कॉन्टॅक्ट लेन्सने मोजमाप चुकते, म्हणून त्या डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद ठेवाव्यात. चष्म्याचा नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. शस्त्रक्रियेनंतर डोळे कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत ओसरतो, सर्वांचा नाही. चाळिशीचा वाचनाचा चष्माही टळत नाही.

लग्न ठरतेय म्हणून मुलींना घाईघाईने शस्त्रक्रियेला नेणाऱ्या पालकांना कळकळीची विनंती: एका डॉक्टरांनी तपासून ‘नको’ सांगितले, तर ‘हो’ म्हणणारे दुसरे केंद्र शोधत हिंडू नका.

– एक वाचक, सातारा