देणगीदाराची वही कोणाकडे?

आमच्या ओळखीचे एक काका आहेत. निवृत्त इंजिनिअर आणि नाटकाचे वेडे. काकू गेल्या तेव्हा त्यांनी मंडळाच्या त्या वेळच्या अध्यक्षांना सांगितले होते, "हिच्या नावाने काहीतरी करायचे आहे. दरवर्षी भारतातून एक चांगले नाटक आणता येईल एवढी रक्कम देईन. विचार करून सांगा." अध्यक्ष आनंदाने हो म्हणाले. पुढे कमिटी बदलली. दोन वर्षांनी काकांना एकाच आठवड्यात मंडळातून तीन फोन आले. एक दिवाळी अंकासाठी, एक मराठी शाळेसाठी आणि एक गणपतीच्या जेवणासाठी. तिघांनीही १०१ डॉलर मागितले. तिसऱ्याने तर "काकूंनाही नमस्कार सांगा" म्हणून फोन ठेवला.

काकांनी तिघांनाही १०१ डॉलर दिले. मोठी रक्कम मात्र गावच्या लायब्ररीला गेली.

यात कोणी वाईट वागले नाही. कोणी लिहून ठेवले नव्हते, एवढेच.

मी काही वर्षे इथल्या एका वाद्यवृंदाच्या देणगी विभागात स्वयंसेवक होतो. तिथे मोठी देणगी देऊ शकणाऱ्या प्रत्येक माणसाचे संगणकात एक पान असे. त्यात जादू काहीच नव्हती. या माणसाशी संस्थेतर्फे कोण बोलणार, त्याचे नाव. त्याला कशाची आवड आहे. शेवटची भेट कधी झाली आणि काय बोलणे झाले. पुढची पायरी कोणती आणि ती कोणत्या तारखेपर्यंत. किती रक्कम मागायची आणि कशासाठी. नियम एकच, पण कडक होता. ज्याच्याकडे ते पान आहे त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणी त्या माणसाकडे पैसे मागायचे नाहीत. भेट झाली की दोन दिवसांत चार ओळी लिहायच्या. 'पुढची पायरी' हा रकाना रिकामा राहिला तर बैठकीत विचारणा होई. मोठी देणगी पहिल्या भेटीत मिळत नाही, तिला वर्ष-दोन वर्षे लागतात. तेवढ्या काळात माणसे बदलतात, म्हणून पान लागते.

शब्द आणि पैसे हे दोन वेगळे रकाने असतात, हेही मी तिथेच शिकलो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने अल्बर्टो व्हिलार या देणगीदाराचे नाव एका सज्जाला दिले होते. कबूल केलेले पैसे येईनात, तेव्हा २००३ मध्ये ते नाव काढावे लागले. उलट बाजूचे उदाहरण त्याच आवारातले आहे. लिंकन सेंटरच्या सभागृहाला १९७३ मध्ये एव्हरी फिशर यांनी १ कोटी ५ लाख डॉलर दिले आणि सभागृहाला त्यांचे नाव लागले. पुढे नूतनीकरणासाठी नवा देणगीदार हवा होता. जुने नाव सोडण्यासाठी संस्थेने २०१४ मध्ये फिशर कुटुंबाला दीड कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. २०१५ मध्ये डेव्हिड गेफन यांच्या १० कोटींच्या देणगीनंतर नाव बदलले. नाव देताना काय ठरले, किती वर्षांसाठी ठरले, हे ज्याच्या त्याच्या आठवणीवर सोडून चालत नाही.

आता काही मंडळी म्हणतील, "अहो, मंडळ म्हणजे कुटुंब. आपल्याच माणसांच्या फायली कसल्या करता?" शंका रास्त आहे. कोणाचे घर केवढे, मुलाचे लग्न कुठे मोडले, असल्या गप्पा त्या पानावर येताच कामा नयेत. माझी कसोटी सोपी आहे. ते पान खुद्द त्या माणसाच्या हाती पडले, तर लिहिणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये. अमेरिकेतल्या निधिसंकलन संस्थांनी १९९३ मध्ये देणगीदारांच्या हक्कांची एक सनद केली. देणगीविषयीची माहिती आदराने आणि गोपनीयतेने हाताळली जावी, हा त्यातला एक हक्क आहे. पान पाहण्याचा अधिकार दोघा-तिघांनाच असावा. आणि १०१ डॉलर देणाऱ्यालाही आभाराचे पत्र वेळेवर जावे. आजचा १०१ वालाच उद्याचा मोठा देणगीदार असतो. काका त्याचे उदाहरण आहेत.

या पानाचा पैशाच्या दृष्टीनेही उपयोग आहे. मंडळ ५०१ (सी) (३) असेल तर २५० डॉलर किंवा अधिक देणगीवर करसवलत घेण्यासाठी देणगीदाराला मंडळाची लेखी पोच लागते. कंपनी तेवढीच रक्कम घालणारी असेल, तर तो अर्ज मुदतीत जायला हवा. वर्षाहून जास्त काळ ठेवलेले, भाव वाढलेले शेअर थेट दिले तर वाढीवरचा कर वाचतो. साडेसत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना आयआरएमधून थेट संस्थेला ठराविक मर्यादेपर्यंत रक्कम देता येते आणि ती करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. आपली पहिली पिढी आज याच वयात आहे. हे त्यांना सांगायचे तर कोणाला सांगायचे, ते आधी माहीत हवे. (आपल्या अकाउंटंटचा सल्ला अवश्य घ्यावा.)

यासाठी महागडा प्रोग्रॅम नको. पंचवीस-तीस नावांची एक्सेलची एक शीट पुरते. फक्त ती खजिनदाराच्या घरच्या कॉम्प्युटरवर नको, मंडळाच्या मालकीच्या खात्यात हवी. जानेवारीत नवी कमिटी येते तेव्हा आपण बँकेच्या सह्या बदलतो, स्टोरेजची किल्ली देतो, समया आणि सतरंज्या मोजून देतो. त्याच दिवशी ही शीटही समोर बसून, एकेक नाव वाचून सोपवावी.

देणगीदारांनाही एक विनंती. मनात काही असेल तर फोनवर न सांगता दोन ओळी लिहून पाठवा आणि पोच मागून घ्या.

काकांच्या देणगीतून लायब्ररीत काकूंच्या नावाचे एक कपाट उभे आहे. छान आहे. त्यात मराठी पुस्तक मात्र एकही नाही.