मुक्त ज्ञान हवे. प्राध्यापकमुक्त महाविद्यालय नको

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात सध्या 'मुक्त' या शब्दाची मोठी चलती आहे. कुलगुरूंच्या भाषणांत, आयोगाच्या परिपत्रकांत, मंत्रिमहोदयांच्या निवेदनांत हा शब्द सुखेनैव वावरत असतो. ज्या शब्दाने सामान्य माणसाच्या मनात आशा जागते तो शब्द सत्ताधारी वर्ग प्रथम उचलतो आणि मग हळूहळू त्यातील आशय काढून घेतो, हा आपल्या चळवळीचा जुना अनुभव आहे. 'मुक्त शैक्षणिक साधने' या कल्पनेच्या बाबतीत नेमके हेच घडू पाहत आहे. म्हणून या शब्दाचा खरा अर्थ काय, त्याचा लाभ कोणाला होऊ शकतो आणि त्याच्या आडून कोणाचा हक्क हिरावला जात आहे, याची छाननी कार्यकर्त्यांनी केली पाहिजे.

कल्पना मुळात साधी आहे. २००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांची सामग्री सर्वांना खुली करण्याचे जाहीर केले. २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक साधने' ही संज्ञा रूढ झाली आणि २०१९ च्या सर्वसाधारण परिषदेत युनेस्कोने सदस्य राष्ट्रांना त्याविषयी रीतसर शिफारस केली. या संज्ञेत एक गोष्ट पायाभूत आहे. सामग्री फुकट वाचावयास मिळाली म्हणजे ती मुक्त झाली, असे नव्हे. ती स्वतःजवळ ठेवण्याचा, हवी तशी वापरण्याचा, तीत बदल करण्याचा, दुसऱ्या सामग्रीशी तिची सांगड घालण्याचा आणि ती इतरांना वाटण्याचा हक्क लेखी परवान्याने मिळाला, तरच ती मुक्त. पाणपोईवरचे पाणी फुकट असते. पण पाणपोई बंद करण्याचा अधिकार मालकाकडेच राहतो. गावच्या विहिरीवर गावाचा हक्क असतो. फुकट आणि मुक्त यांत एवढे अंतर आहे.

हा भेद कागदोपत्री नाही, हे दिल्लीच्या एका झेरॉक्सच्या दुकानाने देशाला दाखवून दिले. दिल्ली विद्यापीठाच्या परवान्याने चालणाऱ्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस या दुकानात विद्यार्थ्यांसाठी नेमलेल्या प्रकरणांचे संच झेरॉक्स करून मिळत. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बलाढ्य प्रकाशन संस्थांनी या दुकानावर आणि विद्यापीठावर खटला भरला. विद्यार्थ्यांची व अध्यापकांची संघटना स्वतःहून त्या खटल्यात उतरली. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्द्यांवर पुन्हा सुनावणी व्हावी असे म्हटले. परंतु अध्यापनासाठी केलेल्या प्रतींना १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ चे संरक्षण आहे, हे तत्त्व मान्य केले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. संघटित विद्यार्थी आणि शिक्षक उभे राहिले तर बहुराष्ट्रीय भांडवलालाही माघार घ्यावी लागते, हा त्या लढ्याचा धडा होय.

परंतु या विजयाची मर्यादाही ओळखली पाहिजे. इंग्रजी पुस्तकातील प्रकरणाची झेरॉक्स काढण्याची मुभा त्याने मिळाली. त्याच प्रकरणाचा मराठी अनुवाद करून, त्यात आपल्या जिल्ह्यातील उदाहरणे घालून, तो राज्यभरच्या विद्यार्थ्यांना छापून वाटावयाचा म्हटले तर मूळ हक्कधारकाची परवानगी लागतेच. म्हणजे ज्याला इंग्रजी येते त्याची सोय झाली. ज्याला येत नाही तो जिथे होता तिथेच राहिला. परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या महाविद्यालयात मराठीतून बी.ए. करणारी शेतमजुराची मुलगी आज काय वाचते? ती गाईड वाचते, 'अपेक्षित प्रश्नसंच' वाचते. तिच्या बुद्धीचा तो दोष नव्हे. तिच्या भाषेत, तिला परवडेल असे दुसरे काही तिच्यापुढे ठेवण्याची तसदी व्यवस्थेने घेतलेली नाही. इंग्रजीच्या वर्चस्वामुळे ज्ञान मूठभरांच्या हाती राहते, हे डॉ. राममनोहर लोहिया आयुष्यभर सांगत राहिले. त्या वर्चस्वाला आता स्वामित्वहक्काच्या कुलपाची जोड मिळाली आहे.

या कुलपाची किंमत कोण मोजतो? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी तरतूद ६,००० कोटी रुपये! तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० च्या आसपास शासकीय संस्थांना वाचावयास मिळतील, असे सांगण्यात आले. संशोधकांची सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण या व्यवहाराचे स्वरूप पाहा. संशोधनाला पैसा बहुतांशी जनतेचा. लेख लिहिणारा प्राध्यापक जनतेच्या पगारावर. तो तपासणारा परीक्षकही बहुधा विनामोबदला राबणारा प्राध्यापकच. आणि तयार झालेला माल परत विकत घेण्यासाठी पुन्हा जनतेचाच पैसा! वर्गणी म्हणजे भाडे. करार संपला की घरमालक पुन्हा दारात उभा. याच रकमेचा एक अंश जरी भारतीय भाषांतील मुक्त पाठ्यपुस्तकांवर खर्च झाला असता, तर जे निर्माण झाले असते ते कायमचे समाजाचे राहिले असते.

आता नाण्याची दुसरी बाजू. शासनाला 'मुक्त' शब्दाचे जे प्रेम अचानक वाटू लागले आहे, त्याचे रहस्य शिक्षकांच्या रिक्त जागांत आहे. 'स्वयम्' या केंद्रीय मंचाचे उद्घाटन २०१७ मध्ये झाले. त्यावरील अभ्यासक्रमांना पदवीसाठी श्रेयांक देण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत २० टक्के ठेवली होती. २०२१ च्या विनियमांत ती ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. म्हणजे एखाद्या सत्रातील पाचांपैकी दोन विषय महाविद्यालयाने न शिकविता पडद्याकडे सोपविले तरी नियमांत बसते. इकडे महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या हजारो जागा रिक्त आहेत आणि त्या जागांवर तासिका तत्त्वावर तरुण राबत आहेत. त्यांना सुटीतील वेतन नाही, पुढच्या वर्षी काम मिळेल याची हमी नाही. नेट-सेट झालेला, पीएच.डी. केलेला माणूस तासाच्या हिशेबाने मजुरी मोजून घेतो. अशा वेळी चाळीस टक्क्यांच्या मुभेचा अर्थ संस्थाचालक काय लावतील, हे सांगावयास ज्योतिषी नको. १९८३ पासून विनाअनुदान धोरणाने शिक्षणाचा बाजार कसा मांडला, हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे पाऊल ओळखता येते.

हा केवळ आपल्या मनचा संशय नव्हे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठात २०१३ साली हाच प्रसंग आला होता. हार्वर्डचे ख्यातनाम प्राध्यापक मायकेल सँडेल यांची न्यायविषयक चित्रित व्याख्याने 'एडएक्स' या मंचावरून घेऊन आपल्या वर्गात चालवावीत, असे तेथील तत्त्वज्ञान विभागाला सुचविण्यात आले. विभागातील अध्यापकांनी खुले पत्र लिहून नकार दिला. श्रीमंत विद्यापीठांतील मुलांना जिवंत प्राध्यापक आणि कष्टकऱ्यांच्या मुलांना चित्रफीत, अशी दोन प्रकारची विद्यापीठे यातून उभी राहतील, हा त्यांचा आक्षेप होता. पुढे काय झाले? हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेने मिळून धर्मादाय तत्त्वावर उभारलेला हा मंच २०२१ साली 'टू-यू' नामक नफेखोर कंपनीला ८० कोटी डॉलरना विकला गेला आणि २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जगाला फुकट शिकवावयास निघालेल्या संस्थेची ही गत! जे केवळ फुकट असते ते उद्या विकलेही जाऊ शकते. याउलट, २००१ साली घोषित झालेली ती अभ्याससामग्री आजही खुली आहे आणि तिच्या ज्या प्रती लोकांनी परवान्याने घेतल्या त्या कोणालाही परत मागता येत नाहीत.

यावरून आपल्यातील काही मित्र असा निष्कर्ष काढतात की, ही सारी भांडवलशाहीची नवी चाल आहे, तेव्हा तिच्यावर बहिष्कार टाकावा, फक्त पदभरतीची मागणी करावी आणि पडदा, संगणक, परवाने यांची भाषाच बोलू नये. हा निष्कर्ष जितका सोपा तितकाच घातक आहे. छापखानाही भांडवलदारांनीच आणला. म्हणून चळवळीने पत्रके छापावयाची नाहीत, असे कोणी म्हटले नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारी तिजोरीत पैसा भरणारा शेतकरी आणि त्या पैशावर शिकणारे वरचे वर्ग यांतील विसंगती उघड केली. शाळाच नकोत असे ते म्हणाले नाहीत. शाळा कोणासाठी, एवढाच त्यांचा सवाल होता. आज तोच सवाल पाठ्यपुस्तकाला विचारावयाचा आहे.

आणि मुक्त साधनांचा खरा वापर शिक्षकावाचून होतच नाही, हे तर त्यांच्या विरोधकांनी आणि त्यांच्या सरकारी भक्तांनी दोघांनीही लक्षात घ्यावे. राइस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स' प्रकल्पाने २०१२ पासून समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र अशा विषयांची पदवीस्तरावरील पाठ्यपुस्तके मुक्त परवान्याने प्रसिद्ध केली आहेत. परवान्याच्या अटी पाळून त्यांचा अनुवाद करता येतो. परंतु अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या समाजशास्त्राच्या पुस्तकात मराठवाड्यातील जातिव्यवस्था समजावून सांगितलेली नसते, ऊसतोड कामगाराची उचल आणि मुकादम नसतो. बाजारभावाच्या प्रकरणात लासलगावचा कांदा नसतो. ते घालावयाचे तर विषय जाणणारा, विद्यार्थ्यांच्या अडचणी रोज पाहणारा, नोकरीची शाश्वती असलेला आणि त्या कामाचा मोबदला मिळणारा अध्यापक हवा. तासिकेवरच्या माणसाने रात्री जागून फुकट पुस्तके लिहावीत आणि शासनाने ती 'मुक्त' म्हणून मिरवावीत, हा वेठबिगारीचाच नवा प्रकार ठरेल.

महाराष्ट्राला हे काम अपरिचित नाही. भारतीय भाषांत विद्यापीठीय ग्रंथ निर्माण करण्यासाठी साठच्या दशकाच्या अखेरीस केंद्राने राज्यांना अनुदान दिले आणि नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने अनेक विषयांवरील पुस्तके मराठीत आणली. आज त्यांतील किती विद्यार्थ्यांच्या हाती पडतात? आणि कायदा असा की, शासनाचे स्वामित्व असलेल्या ग्रंथावर प्रसिद्धीनंतर साठ वर्षे शासनाचाच हक्क चालतो. १९७५ साली निघालेले असे पुस्तक २०३५ संपेपर्यंत कोणीही मोकळेपणाने छापू वा सुधारू शकत नाही! जनतेच्या पैशाने लिहिलेले ज्ञान जनतेपासूनच कुलूपबंद ठेवण्यात कोणाचे हित आहे? शेजारच्या गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला चार खंडांचा कोकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली आणला. छोट्या गोव्याला जे जमले ते बलाढ्य महाराष्ट्राला जमत नसेल, तर अडचण पैशाची नसून इच्छेची आहे.

तेव्हा आपली भूमिका निःसंदिग्ध असली पाहिजे. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले प्रत्येक पाठ्यपुस्तक, व्याख्यान आणि अभ्याससाहित्य बदल, अनुवाद व वितरण यांची मुभा देणाऱ्या परवान्यानेच प्रसिद्ध व्हावे. ग्रंथनिर्मिती मंडळाच्या ज्या पुस्तकांचे स्वामित्व शासनाकडे आहे ती शासनाने एका आदेशाने खुली करावीत. मराठीतील मुक्त पाठ्यपुस्तकांसाठी प्रत्येक विद्यापीठाने अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी आणि लिहिणाऱ्यांना, अनुवाद करणाऱ्यांना रीतसर मोबदला द्यावा. ज्यांच्याजवळ संगणक नाही त्यांच्यासाठी ती महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत छापील स्वरूपात ठेवावीत. 'स्वयम्'चा अभ्यासक्रम शिक्षकाच्या जोडीला चालेल, त्याच्या जागी नव्हे. ज्या विषयाची जागा रिक्त आहे तो विषय पडद्यावर ढकलण्यास मनाई करावी आणि रिक्त जागा पूर्णवेळ भराव्यात.

या मागण्या मोर्चापुरत्या नाहीत. विद्यापीठांच्या अधिसभांत, विद्या परिषदांत, अभ्यास मंडळांत आपले साथी आणि हितचिंतक आहेत. नोंदणीकृत पदवीधरांच्या मतदारसंघातून आणखी जाऊ शकतात. प्राध्यापक संघटना पदभरतीसाठी लढतात, विद्यार्थी संघटना शुल्कवाढीविरुद्ध लढतात. पुस्तकाची मालकी हा या दोन्ही लढ्यांना जोडणारा प्रश्न आहे. येत्या अधिसभेत प्रत्येक विद्यापीठात हा ठराव मांडला गेला पाहिजे. जमीन कसणाऱ्याची, असे म्हणत आपण वाढलो. ज्ञानाच्या शेतात जो राबतो आणि ज्याच्या घामावर ते पिकते, त्या दोघांचाही सातबारावर हक्क आहे. तो मागावयास संकोच कशाला?